निरोपाची लेव्हल

जयपुरातला ऋतुबदल मला प्रथम कळतो तो कूलरपाशी. भाद्रपद सरत आला की वाळ्याच्या ताट्यांतून येणारा तो ओला, मातकट, किंचित औषधी गंध दिवसेंदिवस विरळ होत जातो, आणि एका दुपारी लक्षात येतं की खोलीत आता नुसता वारा उरला आहे, गंध केव्हाच निघून गेला. अशाच एका दुपारी जवाहर नगरातल्या आमच्या भाड्याच्या घरात, मागच्या टेकड्यांवरून मोरांच्या हाका येत असताना आणि पडद्याच्या फटीतून आलेलं निवळलेलं ऊन संगणकाच्या धुळकट काचेवर आडवं पसरलेलं असताना, मी एक हिंदी चित्रपट कितव्यांदा तरी पाहत होते. आणि त्या चित्रपटाविषयी माझ्या मनात जी तुच्छता साठत चालली होती, तिच्यावर त्या सोनेरी उन्हाचाही काही उतारा चालत नव्हता.

चित्रपट दिवाळीच्या सुट्टीचा होता. सुट्टीत सहकुटुंब पाहण्यासाठी काढलेला, आणि सुट्टीतच घडणारा. एका हवेलीत एक अवाढव्य कुटुंब जमतं. त्या कुटुंबातल्या बायका पहाटे डोळे उघडतात त्या जरीच्या साडीतच. स्वयंपाकघरात पाऊल टाकताना कोणी दिसत नाही, तरी ताटं ओसंडून वाहत असतात, आणि खरकटी भांडी ही गोष्ट त्या हवेलीच्या वास्तुशास्त्रातच बसत नसावी. आजोबा खोकतात, ते खोकले की मागे सारंगी वाजते. परदेशातून आलेला काका आधी उद्धट असतो, मग एका सामुदायिक नाचात त्याला संस्कृती सापडते. एक कुत्रा आहे, आणि साऱ्या कथानकात समंजस म्हणावा असा तो एकटाच. अखेरीस सुट्टी संपते तेव्हा काका विमानाचं तिकीट फाडतो, त्याचं पाहून इतरही आपापल्या बॅगा पुन्हा वरच्या मजल्यावर नेतात, आणि कोणीच कुठे जात नाही. या शेवटाची मला विशेष चीड होती. जी संपतच नाही ती सुट्टी कसली? तिला आमच्या अमरावतीकडे रिकामपण म्हणतात.

इतकी चीड असूनही मी तो पुनःपुन्हा पाहत होते, कारण त्या चित्रपटावरून मुलांसाठी एक व्हिडिओ गेम तयार व्हायचा होता आणि त्याची कथा लिहिण्याचं काम, हसू नका, माझ्याकडे आलं होतं.

आमच्या घराण्यात गोष्टी सांगणारी मी एकटीच. म्हणजे बाकीच्यांना कामं असतात. यजमान विम्याच्या कचेरीत अधिकारी, त्यामुळे दर काही वर्षांनी नवं गाव, नवी भाजीवाली, नवा दूधवाला; आणि प्रत्येक गावी मराठी मंडळाच्या मुलांना सुट्टीत गोळा करून गोष्टी सांगणं हा माझा बिनभांडवली उद्योग. ज्या मुलांचं मराठी हिंदीच्या कुबडीवर चालतं त्यांना मी राजपुत्र, राक्षस आणि बोलके पोपट शुद्ध तुपात तळून वाढत आले. मुलं ऐकत, असा माझा समज होता. अलीकडे ती माझ्याकडे पाहत पाहत खिशातल्या खेळण्याची बटणं दाबतात हे मला दिसू लागलं होतं, आणि व्हिडिओ गेम नावाच्या वस्तूविषयीच्या माझ्या तिरस्काराला अशी एक घरगुती, मत्सराची फोडणी होती.

काम आणलं मैथिलीने. मैथिली माझ्या थोरल्या भावाची, दादाची मुलगी. संगणकावर हलती चित्रं काढायला शिकलेली, आणि सीतापुऱ्यातल्या एका लहानशा कंपनीत नोकरी लागली म्हणून आमच्याकडे राहायला आलेली. दादाला हे सारं मंजूर नव्हतं. फोनवर तो मला म्हणाला होता, "खेळ करून पोट भरते का गं कोणाचं? दिवाळीपर्यंत पाहतो मी. मग इकडे आण तिला, दोन चांगली स्थळं आहेत." कंपनीनेही जणू दादाशी संगनमत करून सांगून टाकलं होतं की हा गेम चित्रपटवाल्यांनी पसंत केला तर मैथिलीसह सगळ्यांच्या नोकऱ्या कायम, नाहीतर दिवाळीनंतर विभागाला कुलूप. म्हणजे भाचीचं जयपुरात राहणं त्या खोकणाऱ्या आजोबांवर आणि नाचणाऱ्या काकावर अवलंबून होतं. आणि ती राहावी असं मला फार वाटत होतं. ती आल्यापासून माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या, गार्गीच्या खोलीतून बंद दाराआडचं हसू ऐकू येऊ लागलं होतं. आणि मला, इतक्या गावांनंतर, माझ्या गोष्टींतली चूक काढणारं एक शहाणं माणूस घरातच मिळालं होतं.

मी सीतापुऱ्याला जाऊ लागले. खालच्या मजल्यांवर निर्यातीच्या कपड्यांची शिवणयंत्रं दिवसभर घरघरत, जिन्यात रंगाचा आणि ताज्या इस्त्रीचा वास भरून राहिलेला, आणि सगळ्यात वर, पडदे ओढून दुपारची तिन्हीसांज केलेल्या खोलीत, मैथिलीच्या वयाची मुलं माउस हलवत बसलेली. ती मला आंटीजी म्हणत, चहा देत आणि माझं काही ऐकत नसत. गेमचे नियम आधीच ठरले होते. आजोबांच्या पाया पडलं की एक जीव जास्त मिळे. पुरेसे लाडू खाल्ले की उंच उडी मारता येई, जे माझ्या अनुभवाच्या अगदी उलट आहे. बुआजी, म्हणजे आत्याबाई, हा अडथळा होता. तिच्या तावडीत सापडलं की ती गालगुच्चा घेई आणि खेळाडू पार अंगणात जाऊन पडे. तिचं चित्र मैथिलीने काढलं होतं. चष्मा हुबेहूब माझा होता.

चित्रपटवाल्यांच्या वतीने सक्सेनाजी नावाचे गृहस्थ येत. स्वभावाने सज्जन, पोटाने प्रशस्त. 'इमोशन' हा शब्द ते जिऱ्यासारखा प्रत्येक वाक्यात घालत. शेवटच्या लेव्हलला हवेलीच्या गच्चीवर सगळं कुटुंब जमावं आणि आतिशबाजी व्हावी, एवढीच त्यांची इच्छा. तेव्हा माझ्यातली कथेकरीण उसळली. ज्या घरातून कोणी जात नाही त्या घरी कोणी येण्यालाही अर्थ नसतो, असं एक घरगुती सुभाषित मी त्यांना ऐकवलं, आणि सांगितलं की आमच्याकडे पाहुणा निघाला की घरातल्या कोणीतरी देवापुढून उठून त्याच्या तळहातावर दही घालायचं असतं. ते चाटून तो उंबरा ओलांडतो, आणि मग तो सुखरूप पोचतो व फिरून येतो. तेव्हा शेवटच्या लेव्हलला लाडू नकोत, उड्या नकोत; दह्याची वाटी उचलायची, प्रत्येकाच्या हातावर दही घालायचं, आणि बाहेरची मोटार स्टेशनाकडे निघण्याआधी सगळ्यांना निरोप द्यायचा. दिला की घर रिकामं आणि खेळ पुरा. वेळेत नाही दिला तर गाडी चुकणार, मंडळी परत आत येणार, आणि लेव्हल पहिल्यापासून सुरू. सक्सेनाजी म्हणाले, "दही-चीनी. बहुत बढ़िया. इसमें इमोशन है."

मला वाटलं, मी त्या भिकार चित्रपटाला शहाणपण शिकवलं.

पण शहाणपण केलं ते मैथिलीने. तोवर ती ते लाडू आणि आजोबा नाक मुरडत काढत होती. या लेव्हलने मात्र तिला झपाटलं. दारातून येणारं तिरपं आश्विनातलं ऊन, उंबऱ्यावरची पुसट झालेली रांगोळी, बाहेर ताटकळलेल्या मोटारीचा दिव्याएवढा चमकणारा आरसा. आणि हात. तिने प्रत्येक पाहुण्याचा हात वेगळा काढला होता: कोणाच्या तळव्यावर विटत चाललेली मेंदी, कोणाच्या मनगटावर घड्याळाने झाकून ठेवलेली गोरी पट्टी, एका चिमुरड्याची घामेजलेली मूठ, जी उघडायलाच क्षणभर वेळ लागे. मी पाहत राहिले. एवढ्या रद्दड गोष्टीच्या पोटी एवढं नाजूक काही जन्मावं, याचा मला जरा रागच आला.

चित्रपटवाल्यांची अट होती की सक्सेनाजींच्या समोर काही मुलांनी गेम कोणाच्याही मदतीशिवाय शेवटापर्यंत खेळून दाखवावा. मुलं कुठून आणायची? मी मोठ्या रुबाबात सांगितलं, माझ्याकडे आहेत. एका रविवारी गार्गी आणि आदर्श नगरातल्या देशमुखांची ओंकार व तन्वी, अशी तिघं आमच्या दिवाणखान्यात जमली. देशमुख बँकेत, आमचे विम्यात; तिन्ही मुलं बदलीवाल्यांची. त्या वेळी हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

सक्सेनाजी कचोरी घेऊन बसले. मुलांनी लाडू फस्त केले, आजोबांच्या पाया पडून जीव साठवले, आत्याबाईला तर अशा सराईतपणे चुकवलं की मला उगीच खुर्चीत सावरून बसावंसं वाटलं. मग शेवटची लेव्हल आली. गार्गीने देवघरातली वाटी उचलली. दारात सगळे तळहात पसरून उभे. गार्गी दाराकडे गेलीच नाही. ती जिना चढून गच्चीवर गेली, वाटी तुळशीमागे ठेवली आणि खाली येऊन स्वस्थ उभी राहिली. मोटारीचा भोंगा वाजला, पुन्हा वाजला. गाडी चुकली. मंडळी बॅगा उचलून परत आत आली, आणि गार्गीच्या ओठांच्या कोपऱ्यात एक लहानसं हसू उमटलं.

ओंकारने वाटी घेऊन नुसत्या येरझारा घातल्या. तन्वीने ती कुत्र्यासमोर नेऊन ठेवली. तिची खालच्या घरातली मैत्रीण त्याच महिन्यात वडिलांच्या बदलीमुळे भोपाळला गेली होती. पुनःपुन्हा गाडी सुटत होती, पुनःपुन्हा पाहुणे परत येत होते, आणि त्या तिघांपैकी एकालाही आपण हरतो आहोत असं वाटत नव्हतं.

सक्सेनाजींनी हात पुसले. "मैडम, बच्चों से हो नहीं रहा. टफ़ है."

"सर, होतंय त्यांना," मैथिली घाईत मराठीतच बोलून गेली आणि मग सावरली. "हो रहा है. वो दे नहीं रहे हैं."

"बेटा, गेम में हर बच्चा जीतना चाहता है."

"जीत ही तो रहे हैं, सर."

सक्सेनाजी हसले, मोठी माणसं हसतात तसे, मायेने आणि न ऐकता. मग त्यांनी व्यवहार सांगितला. ही लेव्हल काढून आतिशबाजी घातली तर ते आजच होकार कळवतील. ही ठेवायची तर मुंबईच्या साहेबांना दाखवावी लागेल, दिवाळी हातची जाईल, आणि मग पुढचं ते काही सांगू शकत नाहीत. एवढं बोलून ते माझ्याकडे वळले. म्हणाले, तुम्ही लेखिका आहात, तुम्ही सांगा.

मैथिलीनेही माझ्याकडे पाहिलं. तिला काय हवं होतं ते तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ होतं. आणि मलाही काय बोलायचं ते ठाऊक होतं. त्या चित्रपटाविरुद्धचं माझं सारं भाषण मला तोंडपाठ होतं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी सांगितलेली एक गोष्ट तीन मुलांनी अशी ऐकली होती की तिचा शेवट त्यांनी होऊच दिला नव्हता. एवढा मान मला कोणत्याही मंडळात मिळाला नव्हता, आणि तो मिळाला होता ज्याला मी नाक मुरडत होते त्या खेळातून.

"निकाल दीजिए," मी म्हणाले. "आतिशबाज़ी ही अच्छी रहेगी."

गेम पसंत झाला. दिवाळीच्या आधी बाजारात आला, आणि दिवाळीनंतर महिन्याभरात बाजाराने तो विसरूनही टाकला, तेही त्या चित्रपटासकट, आणि त्याबद्दल बाजाराचं मी मनापासून अभिनंदन करते. मैथिलीची नोकरी कायम झाली. दादा फोनवर थोडा घुम्यासारखा बोलला, मग म्हणाला, राहू दे मग तुझ्याकडेच. मी आनंदाने फोन ठेवला आणि शिरा करायला घेतला.

त्या रात्री जेवताना मैथिलीने एवढंच विचारलं, "आत्या, ती लेव्हल तुला खरंच वाईट वाटली होती का गं?"

"नाही," मी म्हटलं. "चांगली होती ती."

"मग?"

दूध उतू जातंय असं काहीतरी पुटपुटत मी उठले. ओट्याशी उभी राहिले तेव्हा ध्यानात आलं की मैथिलीला इथे राहायचंच आहे असं मी आणि दादाने मिळून गृहीत धरलं होतं. त्याने विरोध करून, मी आग्रह करून. तिला जयपूर हवं होतं, की ते हात काढता येतील असं कुठलंही ठिकाण चाललं असतं, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. ते आता विचारावं, असं पुष्कळदा मनात येतं. पण मग ती काय उत्तर देईल, याचाही विचार मनात येतो, आणि मी दुसरंच काही बोलते.

ती आमच्याकडेच आहे. रोज संध्याकाळी, टेकड्यांच्या सावल्या उतरून आमच्या ओळीच्या घरांवर येतात त्या सुमाराला, सीतापुऱ्याहून तिची स्कूटी येते आणि फाटकापाशी थांबते. पण इंजिन लगेच बंद होत नाही. थोडा वेळ ते तसंच घरघरत राहतं, जणू बाहेर कोणी मनाशी काही ठरवत बसलं आहे. मी आत कणीक मळत असते. आणि तो आवाज थांबेपर्यंत माझेही हात परातीत तसेच थांबून असतात.