सौंसरच्या प्रदर्शनात मी पुन्हा सरकली

मंडळी, दुपारी घरी आल्यापासून नुसत्या चकरा मारून राहिली. मन कुठं लागूनच नाही राहिलं.

आमच्या जुन्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी आज सौंसरले जुन्या कॉम्प्युटरांचं प्रदर्शन लावलं. पांढुर्ण्याहून लेकीले घेऊन गेली. सरांनी आजही सगळ्यायले चपला बाहेर काढायले लावल्या, कॉम्प्युटरले धूळ लागते म्हणून!

आत आमचा तोच खेळ सुरू होता. भुयारात पळणारा, खड्डे ओलांडणारा माणूस. "हा खेळ मले पूर्ण पाठ आहे," असं मी लेकीले नेहमी सांगायची. ती म्हणे, "आई, खेळून दाखव ना."

बसली. पहिल्याच खड्ड्यात पडली. तीनदा.

मंग आठवलं. क्लासात एका कॉम्प्युटरवर दोघं बसत, मी अन् माझा चुलत भाऊ मनोज. बटणं त्याच्या हातात असत अन् मी बाजूनं ओरडायची, "आता उडी मार!" खेळ पाठ होता, पण हात कधी लागलाच नव्हता.

तेवढ्यात मनोजच मागून आला. "सरक वं, मी दाखवतो."

अन् मी सरकली! चाळिशी उलटली तरी.

बसमध्ये लेकीनं एवढंच विचारलं, "आई, तू सरकली कायले?"

प्रदर्शन उद्याही आहे. सकाळच्या पहिल्या बसनं चालली मी. तुमच्यापैकी कोण कोण असं गुपचूप सरकलं, खरं सांगा. अन् सोबत या. चपला बाहेर काढाव्या लागतील, खुर्ची मात्र सोडायची नाही.