जावयाने केलेली पाहणी

"सर, दिल्लीचा फोन!" असं ओरडत कॉलेजचा शिपाई व्हरांड्यातून आला आणि माझ्या हातातला खडू खाली पडला. दिल्लीहून फोन यावा असं मी आयुष्यात काही केलं नव्हतं. चांगलंही नाही आणि वाईटही नाही. ऑफिसपर्यंत जाताना मी माझे सगळे गुन्हे आठवून पाहिले. उत्तरपत्रिका उशिरा तपासणं यापलीकडे काही सापडेना. पण घाबरायला कारण लागतंच असं नाही. मी आधी घाबरतो आणि मग कशाला ते विचारतो, असं आमच्या घरात अजूनही म्हणतात.

फोनवर एका संशोधन केंद्रातल्या बाई होत्या. माझा प्रस्ताव मंजूर झाला म्हणून त्या माझं अभिनंदन करत होत्या आणि मी "सॉरी मॅडम, सॉरी मॅडम" म्हणत होतो.

झालं होतं असं, की त्या काळात परदेशातून एक नवी टूम निघाली होती. गरीब देशांच्या आर्थिक धोरणांचा अभ्यास नेहमी बाहेरचीच माणसं येऊन करतात, तर तिथल्याच माणसांनी तो का करू नये? खर्च आम्ही देतो. दिल्लीचं केंद्र तो निधी वाटायचं. त्यांचं परिपत्रक प्राचार्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं, कारण अख्ख्या कॉलेजात अर्थशास्त्राचा मी एकटाच. मी अर्ज केला तो नामंजूर होणार या पक्क्या भरवशावर. विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. लागोपाठ पावसाने दगा दिलेली ती वर्षं. पाऊस गेला की शेतकरी जनावरं नाइलाजाने केव्हा विकायला काढतो, आणि सरकारने स्वस्त वैरणीचा चारा डेपो त्याआधी उघडावा की नंतर उघडला तरी चालतं, एवढंच पाहायचं होतं.

आम्ही तेव्हा घोडेगावला राहायचो. रात्री मी हिला म्हटलं, "आता खरंच करावं लागणार गं."

"मग करा की," ही म्हणाली. "अर्ज काय शेजाऱ्यांनी केला होता?"

सुरुवात बेल्ह्याच्या जनावरांच्या बाजारापासून करायची असं मी ठरवलं. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हात घालतात, बोटं दाबून आकडा सांगतात आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत. मी एका उपरण्याच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिलो आणि सौदा संपल्यावर अदबीने विचारलं, "केवढ्याला गेली जोडी?"

दलालाने माझ्या खिशाला लावलेल्या पेनाकडे पाहिलं. "कंच्या खात्याचं म्हनायचं तुमी?"

"खातं नाही, संशोधन करतोय."

"म्हंजी इन्कम टॅक्स!" मागून कुणीतरी म्हणालं. बघता बघता माझ्याभोवती माणसांचं रिंगण झालं. त्यात दोन बैलही होते आणि तेही माझ्याकडेच बघत होते. "राव, लिवा की आमचं नाव, लिवा!" म्हणत एकजण पुढे सरकला. मी पेन खिशातून काढून मोज्यात खुपसलं, का ते मला आजही सांगता येणार नाही, आणि मिळेल त्या टेंपोत चढलो. तो टेंपो शेळ्यांचा होता.

तिथून जवळच माझी सासुरवाडी. अंगाला शेळ्यांचा वास घेऊन मी सासऱ्यांच्या दारात उतरलो आणि ओट्यावर बसून पाणी पिताना मला सुचलं, की पाहणी इथेच का करू नये? ओळखीचं गाव, राहायची सोय, आणि रिंगण करून मारणार तर कुणीच नाही. दिल्लीला मी कळवलं, की गावाशी माझा घरोबा असल्यामुळे माहिती विश्वासार्ह मिळेल. हे वाक्य बाईंना फार आवडलं.

पाहणी म्हणजे सुख होतं. मी एका घरातून निघालो की पुढच्या घराला आधीच वर्दी गेलेली असायची. सतरंजी अंथरलेली, कपबशा धुतलेल्या. "या जावईबापू!" गावच्या लेकीचा नवरा म्हणजे सगळ्या गावाचा जावई. शिरा, पोहे, भजी. पुन्हा शिरा. प्रश्नावलीची पानं तुपाने पारदर्शक होऊ लागली.

"यंदा जनावरं विकावी लागली का?"

"छ्या, इकली कुटं? बदलली. नवी जोडी आनायची हाय."

"वैरणीची अडचण?"

"आजाबात न्हाई. लई बेस चाललंय बगा. तुमी खा."

गोठे रिकामे दिसायचे. विचारलं तर जनावरं चरायला गेलेली असायची. सासऱ्यांचे बैलही चरायलाच गेले होते. मी लिहून घेतलं. सगळी प्रश्नावली भरली तेव्हा निष्कर्ष स्पष्ट होता. अडचणीपोटी जनावर विकलेलं घर गावात एकही नव्हतं.

मग पुण्याला बैठक झाली. थंडगार हॉल, प्रत्येकापुढे पाण्याची सीलबंद बाटली. ती उघडली तर आवाज होईल म्हणून मी तहानलेलाच बसलो. इंग्रजीत बोलायचं म्हणून मी सगळं पाठ केलं होतं आणि "थँक यू"सकट एका दमात म्हणून टाकलं. वाटलं, आता फाडून खातील.

खाल्लं नाही. मुंबईहून आलेले एक बडे अधिकारी खुर्चीत पुढे सरकले. "तुम्ही तिकडचेच ना?"

"हो सर. तिकडचाच."

"बघा, याला म्हणतात स्थानिक संशोधन! इथे बसून आरडाओरडा करणारे पुष्कळ आहेत. हा माणूस घरोघर जाऊन आलाय. म्हणजे डेपोची एवढी घाई नाही." ते माझ्याकडे वळले. "मला यावर दोन पानं द्या. डेपोंच्या बैठकीत मी तीच ठेवणार." दिल्लीच्या बाईंनी हसून मान डोलावली. टाळ्या पडल्या. परतीच्या एस.टी.त मी कंडक्टरलासुद्धा सांगणार होतो, पण गर्दी होती.

घरी येऊन हिला सगळं साभिनय सांगितलं. ही भाकरी थापत होती. थापता थापता थांबली.

"तुम्ही गोठ्यात बैल पाहिलेत?"

"चरायला गेले होते."

"कुठे? गवताची काडी तरी आहे का रानात?"

मी पिशवीतून प्रश्नावली काढली. पानोपानी माझ्याच अक्षरात 'चरायला' लिहिलेलं होतं.

"अहो, जावयापुढे रडतं का कुणी?" ही म्हणाली. "उद्या तुम्ही तुमच्या घरी बोलून दाखवलंत, की हिच्या माहेरी दावणीला जनावर नाही, तर? सगळं गाव तुम्हाला छान-छानच सांगणार. तुम्ही नुसते खात बसलात."

"तुला माहीत होतं?"

"आईने सांगितलं होतं. बाबांनी बैल बाजारात नेले तेव्हा. सासरी बोलायचं नाही, अशी शपथ घालून." मग ती एकदम वळली. "आता मी बोलून गेले. पण हे तुम्ही कुठे लिहायचं नाही. माझ्या बापाची गोष्ट दिल्लीत वाचून दाखवायची नाही. सांगून ठेवते."

तिचा आवाज चिरका झाला होता. घाबरतो तो मी, ही नाही. त्यामुळे मी दुप्पट घाबरलो.

पुढचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. दोन पानं गेली तर डेपो लांबणार. सासऱ्यांच्या गोठ्यात आता दुभती म्हैस तेवढी उरली होती. डेपो लांबला तर तीही जाणार, तिच्यामागे गावातल्या उरल्यासुरल्या सगळ्या, आणि त्याखाली माझी सही. पानं नाही दिली तर अधिकारी विचारणार, का? आणि का ते सांगायची घरात बंदी. फोन वाजला की मी मोरीत जायचो. "साहेब आंघोळ करताहेत," असं ही सांगायची. एकदा ती म्हणाली, "दिवसातून इतक्यांदा आंघोळ करणारा माणूस त्यांना पुण्यात भेटला नव्हता वाटतं."

शेवटी मी सासुरवाडीला गेलो. सासऱ्यांसमोर बसलो. चहा आला.

"मामा, बैल कुठायत?"

"चरायला," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

"मामा, मी सगळं बरं चाललंय असं लिहिलं तर चारा डेपो येणार नाही."

ते बराच वेळ बशीतल्या चहाकडे बघत राहिले. चहावर साय धरली. हा माणूस आता रडला तर मी कुठे बघू, एवढंच डोक्यात होतं.

"पावणं," ते म्हणाले, "तुमी इचारू नका. तुमी इचारलं की आमाला असंच सांगाया लागतंय. दुसरं कुनी धाडा. आमचं कुनी नसलेलं. त्याला शिव्या देऊन सांगू काय ते."

"आणि मी काय करू?"

"तुमी च्या घ्या."

घोडेगावला परतल्यावर घरचा फोन नको म्हणून मी एस.टी.डी. बूथवर गेलो. काचेच्या त्या पेटीत बिलाचे लाल आकडे पळू लागले. बाहेर रांग होती आणि काच काही फार जाड नव्हती.

अधिकारी म्हणाले, "अहो, आहात कुठे? पानं?"

"सर, पानं देता येत नाहीत. माझी पाहणी चुकलीय."

"म्हणजे? आकडेमोड चुकली?"

"नाही सर. माणूस चुकला."

"कोणता माणूस?"

"मी. मी त्या गावचा जावई आहे सर."

आकडे पळत होते. रांगेतल्या एका बाईने पदर तोंडाला लावला.

"हे तुम्ही आत्ता सांगताय?" त्यांचा आवाज बदलला होता. "मी वर बोलून बसलोय. खरी परिस्थिती काय आहे मग?"

"ते मी सांगू शकत नाही सर."

"माहीत नाही की सांगत नाही?"

"सर, मला काहीही झालं तरी चालेल, पण माझा निष्कर्ष त्या बैठकीत जाऊ देऊ नका."

फोन आदळल्याचा आवाज आला. चौकशी लागणार, निधी परत मागणार, नोकरी जाणार, अशी सगळी यादी डोक्यात घेऊन तिथूनच मी दिल्लीला फोन लावला. बाईंना मी मोडक्या हिंदीत सांगितलं, "मैं उधर का दामाद है." आधी त्यांना कळेना. कळल्यावर त्या इतक्या हसल्या, की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. "अरे प्रोफेसर साहब, हमारे यहाँ भी दामाद को सब कुछ बढ़िया ही बताते हैं!" मग गंभीर होऊन म्हणाल्या, की पहिला निष्कर्ष मागे घेतल्याचं पत्र त्या स्वतः मुंबईला पाठवतील, मी आठवडाभरात दुसरा माणूस उभा करायचा, नाहीतर काम बंद.

दुसरा माणूस म्हणजे आमच्या कॉलेजचे वाणिज्य विभागाचे सर. जुन्नरच्या मुसलमान व्यापारी घरातले, बोलायला मोकळे, आणि त्या गावाशी नात्यागोत्याचा लांबूनही संबंध नाही. ते गेले आणि आठवडा संपायच्या आत परत आले. मी विचारलं, "शिरा मिळाला?"

"शिरा? पाणीसुद्धा मागून घ्यावं लागलं भाऊ. पण काय बोलले, काय बोलले! सरकारला बोलले, बाजाराला बोलले. आणि तुम्हालाही."

"मला?"

"'जावई आला, लिहून गेला आणि आमच्यात एवढासा दम नाही असं कुनी म्हनू नये म्हनून आमी गोड बोललो,' असं म्हणाले. एका म्हातारीने तर तुमच्या नावाने बोटं मोडली. सांगू, काय म्हणाली?"

"नको," मी म्हटलं.

त्यांच्या माहितीवर अहवाल गेला. वर त्यांचं नाव, खाली माझं. सासऱ्यांच्या घरचं त्यांनी मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मुंबईहून मला पुन्हा कधी फोन आला नाही, आणि तो येईल या धास्तीने मी पुढे कित्येक महिने आंघोळी करत राहिलो. डेपो मात्र उन्हाळा फार चढायच्या आत उघडला. आमच्यामुळे की आणखी कशामुळे, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

डेपो उघडल्यानंतर मी एकदा सासुरवाडीला गेलो. फाट्यावर उतरलो तर समोरून रस्त्याच्या कडेने सासरे येत होते. डोक्यावर डेपोतल्या वैरणीची पेंढी, मान ताठ, पटक्यात कडब्याची पानं अडकलेली. त्यांनी मला पाहिलं असतं, तर पेंढी खाली टाकली असती, हे मला ठाऊक होतं. मी टपरीच्या मागे गेलो आणि भिंतीला चिकटून उभा राहिलो.

पावलं जवळ आली. टपरीपाशी जरा मंदावली. मग गावाकडे निघून गेली. मी चहा घेतला, उगाच आणखी एक घेतला, आणि म्हैस वैरणीला लागली असेल एवढा वेळ गेल्यावर घरी पोचलो. सासरे हातपाय धुऊन, पटका नीट बांधून ओट्यावर बसले होते.

"या पावणं. कवा उतरलात?"

"आत्ताच," मी म्हटलं.