आरमोरीत शिजलेला लोमेचा भात

मी नागपुरात फ्रेंच शिकवते, त्यामुळे अधूनमधून दुभाष्याचं काम चालून येतं. या वेळी पाहुणी होती आफी, आफ्रिकेतल्या टोगो देशात, लोमेच्या बाजारात तांदूळ विकणारी. वर्षानुवर्षं जिथून तिचा तांदूळ येतो ती आरमोरीची मिल तिला बघायची होती. आरमोरी मी पाहिलेली नव्हती, म्हणून लगेच हो म्हटलं.

तुम्ही जाणार असाल तर उमरेड-भिवापूरचा रस्ता धरा आणि सकाळीच निघा. नागभीडला चाळीस रुपयांत झणझणीत तर्री-पोहे मिळाले. तिथून निघाल्यावर आफी म्हणाली, "मी मिल बघायला नाही, सौदा थांबवायला चाललेय. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही." ब्रह्मपुरी गेली, वैनगंगेचा पूल गेला, दोन्हीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, आणि हे मराठीत कसं सांगायचं ते मी मनात जुळवत होते.

मिलमालक रफीकभाई दारातच उभे होते. "मॅडमले सांगा ताई, धान उकडाले नवा बॉयलर लावला. मिल मॅडमच्या ऑर्डरवरच चालते, आता जास्तीचा माल देऊ." मी तोंड उघडणार तोच ते म्हणाले, "आधी जेवण. उपाशी पाहुण्यासंग धंद्याची गोष्ट आमच्या घरी करत नाई."

त्यांच्या बायकोने, नसीमभाभींनी, मटण आणि बारीक सुवासिक तांदळाचा भात केला होता. आफीने ताट पाहिलं आणि विचारलं, "माझा तांदूळ कुठे आहे?" तिचा म्हणजे उसना, धान आधी उकडून, वाळवून मग भरडलेला.

भाभी कावऱ्याबावऱ्या झाल्या. "तो त आम्ही कधी खाल्लाच नाई. तो भायेर जाते."

मिलमधून उसना आणवला. भाभींनी तो रोजच्या तांदळाच्या अंदाजाने शिजवला आणि तो दाताखाली कडक राहिला. मग आफीच ओट्यापाशी गेली, भरपूर पाणी ओतलं, झाकण दाबून धरलं. भात मोकळा, टपोरा झाला. रफीकभाईंनी घास घेतला. "इतके वर्ष विकून राह्यलो, चव आज कळली."

आता टाळता येईना. आफी बोलली, मी मराठीत सांगत गेले. तिकडचे देश आपसातली जकात उतरवू लागलेत. शेजारच्या घानाचा तांदूळ ट्रकने येतो, स्वस्त पडतो, गिऱ्हाइकं तोच मागतात.

रफीकभाईंनी विचारलं, "आमच्यापेक्षा चांगला हाये का?"

"त्यात अजून खडे निघतात," आफी म्हणाली. "पण त्यावर आमच्या शेजाऱ्यांची चूल पेटते."

"मंग नाई कसं म्हणू? मीबी शेजाऱ्याचाच घेतला असता." मग ते हळूच म्हणाले, "आन् बॉयलर?" ते मी फ्रेंचमध्ये सांगितलं नाही. प्रश्न तिला नव्हताच.

निघताना भाभींनी आम्हा दोघींना उसन्याची एकेक पिशवी दिली. परतीच्या वाटेवर आफी रडली. आफ्रिकेतल्या देशांनी आधी एकमेकांकडून घ्यावं, हे मला आजही पटतं. फक्त फ्रेंचच्या वर्गात तिकडच्या देशांचा विषय निघाला की पूर्वी जेवढ्या उत्साहाने सांगायचे तेवढ्या उत्साहाने आता सांगवत नाही.

परवा रफीकभाईंचा फोन आला. बॉयलर थंड आहे, पोती पडून आहेत. "घरी आता रोज उसनाच शिजते, ताई."

"आवडायला लागला?" मी विचारलं.

"आवडाचं काय. कोणी त खाल्ला पाह्यजे."