हातखंब्यावर अडलेली मोटार

ज्या माणसाने माझं लग्न मोडलं तो मिस्त्री होता, आणि त्याच्याच हाताखाली मी मोटारींचं काम शिकलो. रत्नागिरीपासून आठ-नऊ मैलांवर हातखंब्याच्या नाक्यावर त्याचं दुकान होतं. तेव्हा त्या वाटेने दिवसाला मोजून दहा-बारा मोटारी जायच्या, पण घाट चढून आलेली प्रत्येक गाडी तिथे पाणी भरायला थांबे आणि काही ना काही दुखणं काढी. मी चोवीस वर्षांचा होतो. तीन वर्षं त्याच्याकडे काढली होती.

देवरुखाकडचे एक गृहस्थ भाड्याची मोटार चालवत. त्यांची मुलगी मला द्यायचं ठरत आलं होतं. लग्नानंतर मी त्यांची दुसरी गाडी चालवायची, असंही बोलणं झालं होतं. ही गोष्ट मिस्त्रीच्या कानावर गेली. त्याने मला काहीच विचारलं नाही. उलट त्या दिवशी कांदाभजी मागवली, हे मला अजून आठवतं.

पुढच्याच आठवड्यात ते गृहस्थ गाडी घेऊन आले. ब्रेक घट्ट करायचे होते. ते काम मिस्त्रीने स्वतः केलं. मी तेव्हा विहिरीवर होतो. गाडी न्यायची वेळ झाली तेव्हा इंजिन सुरू करायचा सेल्फ दाबला तर ते फिरेना. आवाज नाही, दिवा नाही, भोंगा नाही. मिस्त्री मागे सरला, हात पुसत म्हणाला, "बघ रे तू. सासरची गाडी आहे, तूच बघायला हवीस."

नाक्यावरची पाच-सहा माणसं गोळा झाली. मी बॅटरी पाहिली, तिची टोकं घासली, शेवटी म्हणालो, "बॅटरी मेली आहे." मिस्त्रीने दुसरी बॅटरी आणून दिली. ती लावली तरी गाडी मेलेलीच. मग मिस्त्री शांतपणे खाली वाकला आणि बॅटरीची जी तार गाडीच्या सांगाड्याला बांधलेली असते तिचा नट आवळला. सेल्फ दाबताच इंजिन फिरलं.

"तीन वर्षं शिकवलं," तो त्या गृहस्थांना म्हणाला, "पण डोक्यात शिरत नाय. ह्याच्या हाती गाडी द्या, नाहीतर मुलगी द्या. दोन्ही नका देऊ."

सगळे हसले. ते गृहस्थही हसले. महिन्याभराने त्यांचा निरोप आला की पत्रिका जमत नाही.

तो नट मिस्त्रीने ब्रेक घट्ट करताना स्वतःच सैल केला होता. हे मला त्यानेच सांगितलं, पान लावता लावता, अगदी मोकळ्या मनाने. "गंमत केली रे. तू गेलास तर मला माणूस कुठून मिळायचा?"

मी त्याच दिवशी काम सोडलं. बोटीने मुंबईला गेलो आणि एका मोठ्या गॅरेजात चार वर्षं फक्त बॅटरी, सेल्फ आणि तारा एवढंच काम केलं. लोक गावाकडे पैसे धाडत, मीही धाडत होतो, पण रात्रंदिवस डोक्यात एकच होतं. परत आलो तेव्हा पालीला जागा मिळत होती, लांज्यालाही मिळत होती. मी हातखंब्याला, मिस्त्रीच्या दुकानाच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडची जांभ्या दगडाची पडवी भाड्याने घेतली. मला गिऱ्हाईक हवं होतं हे खरंच, पण ते मिस्त्रीच्या डोळ्यांदेखत हवं होतं.

दीड वर्ष आम्ही समोरासमोर बसलो. एक शब्द बोललो नाही.

आंब्याचे दिवस होते. सकाळी दहाच्या सुमाराला संगमेश्वराकडून एक भाड्याची मोटार आली. आत चार उतारू होते. त्यांतला एक मोठ्या आगबोटीवर आगवाला होता, बॉयलरला कोळसा घालणारा. त्याला रत्नागिरीच्या बंदरात दुपारची बोट गाठून मुंबईला जायचं होतं, कारण दुसऱ्या दिवशी त्याची आगबोट परदेशी सुटणार होती. मोटारीच्या मालकानेच ती चालवत आणली होती. तो जुन्या ओळखीने मिस्त्रीच्या दुकानापुढे थांबला. सगळ्यांनी चहा घेतला. परत बसले. मालकाने सेल्फ दाबला.

टक्.

पुन्हा दाबला. पुन्हा टक्.

मी समोर स्टुलावर बसलो होतो. बॅटरी किती भरलेली आहे ते पाहण्यासाठी मिस्त्रीने भर दिवसा गाडीचे पुढचे दिवे लावले. सेल्फ दाबला की दिवे एकदम मलूल होत, सोडला की पुन्हा भरून येत. म्हणजे वीज जात होती, पण सेल्फला फिरता येत नव्हतं. सेल्फची लहान दातेरी चक्री इंजिनाच्या मोठ्या चाकात शिरते आणि त्याला फिरवते. कधी कधी ती दात्यांत तिरकी रुतून बसते. मुंबईत असल्या गाड्या मी आठवड्याला दोन पाहायचो. गाडी गिअरात टाकून मागेपुढे हलवली की चक्री सुटते. एका मिनिटाचं काम.

मी उठलो नाही. चहा मागवला.

मिस्त्री म्हणाला, "बॅटरी उतरली. पंधरा मिनिटं." त्याने बॅटरी बदलली. टक्. टोकं घासली. टक्. मग इंजिन हाताने फिरवायचं हॅन्डल पुढून घालून जोर लावला, तर तेही जागचं हलेना. चक्री रुतलेली असताना हलणार कसं? पण मिस्त्रीचा चेहरा पडला. तो मालकाला म्हणाला, "इंजिन धरलंय. तेल काढून खालून उघडावं लागेल."

आगवाला ट्रंक खाली उतरवून उभा होता. "मिस्त्री, मी चालत सुटू का? अजून वेळ आहे."

"कशाला? एवढी ट्रंक घेऊन? होईल आता."

हे मी ऐकलं. त्या क्षणी मी रस्ता ओलांडला असता तर तो माणूस बोटीवर चढला असता. मी दुसरा चहा सांगितला. मिस्त्री गाडीखाली आडवा झाला होता, काळं तेल घमेल्यात पडत होतं, आणि इतकं सुंदर दृश्य मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

बारा वाजून गेल्यावर मालक माझ्याकडे आला. "अहो, तुम्ही बघता का जरा?"

"गाडी मिस्त्रींच्या हातात आहे," मी म्हणालो. "त्यांनी येऊन सांगावं."

मालक गेला. दोघांची बोलाचाली झाली. आणखी बराच वेळ गेला. मग मिस्त्री उठला, कोपरापर्यंत तेलाने माखलेला, आणि रस्ता ओलांडून माझ्या पडवीपुढे उभा राहिला.

"ये. बघ," तो म्हणाला.

"काय बघू?"

"गाडी बघ. मला नाय सापडत."

"मोठ्याने बोला मिस्त्री. त्यांना ऐकू गेलं नाही."

त्याने वळून पाहिलं. नाक्यावरची सगळी माणसं आमच्याकडे बघत होती. "मला सापडत नाही," तो मोठ्याने म्हणाला.

मी गेलो. तरीही घाई केली नाही. आधी त्याच्याकडूनच तेल परत ओतून घेतलं. तो ओतत असताना विचारत राहिलो.

"इंजिन धरलं म्हणता. घाट चढताना अडखळलं होतं का?"

"नाही," मालक म्हणाला. "झकास चढलं."

"थांबवताना आवाज आला?"

"नाही."

"मग चहा पिईपर्यंत उभ्या गाडीचं इंजिन धरतं का, मिस्त्री?"

मी किल्ली बंद केली, गाडी वरच्या गिअरात टाकली आणि तिघांना पुढून मागे ढकलायला सांगितलं. आतून खट् असा आवाज आला. मग गिअर काढून सेल्फ दाबला. इंजिन सुरू झालं.

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं लोक हसतील. मालकाने फक्त मिस्त्रीच्या घमेल्याकडे पाहिलं आणि उतारूंना गाडीत बसवलं. गाडी गेल्यावर मिस्त्री तिथेच उभा होता.

"तुला कळलं होतं," तो म्हणाला. "केव्हा?"

"पहिल्याच आवाजाला."

त्याने मान हलवली आणि आत गेला. त्या दिवसापासून संगमेश्वराकडच्या गाड्या माझ्या बाजूला थांबू लागल्या. पावसाळ्यानंतर त्याने दुकान बंद केलं आणि मंडणगडला भावाकडे शेतीवर गेला. मला वाईट वाटलं असं इथे लिहिलं तर ते खोटं होईल. त्याच्या दुकानाच्या फळ्या लागल्या त्या दिवशी मी नाक्यावर सगळ्यांना पेढे वाटले.

आगवाल्याची बोट मात्र चुकली होती. मालकाने संध्याकाळी परत येताना सांगितलं की उतारूंना बोटीपर्यंत नेणारा शेवटचा पडाव बंदरातून सुटून गेला होता आणि हा माणूस ट्रंकेवर बसून समुद्राकडे बघत होता. मुंबईहून परदेशी सुटणारी आगबोटही त्याच्यावाचून गेली. पुढे सहा महिने त्याला दुसरी मिळाली नाही.

दिवाळीनंतर तो पुन्हा मुंबईला निघाला तेव्हा मुद्दाम माझ्या पडवीत आला. बायकोने दिलेली फणसपोळी त्याने माझ्या हातावर ठेवली.

"त्या मिस्त्रीने माझी रोजी घालवली," तो म्हणाला. "तुम्ही नसता तर गाडी तिथेच कुजली असती. तुमच्याकडेच पहिल्यांदा यायला हवं होतं आम्ही."

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. मग म्हणालो, "बसा, चहा घ्या." तो बसला. आपल्या दोन मुलांबद्दल, त्या सहा महिन्यांत विकलेल्या म्हशीबद्दल बोलत राहिला, आणि मी ऐकत राहिलो. जाताना त्याची ट्रंक मी स्वतः गाडीवर चढवली आणि चालवणाऱ्याला बजावलं की वाटेत कुठेही थांबायचं नाही.