नऊ कोंबड्यांचा चार्ज

माझ्या थोरल्या साडूंइतका सावध माणूस अख्ख्या नवी मुंबईत सापडायचा नाही, आणि त्यांची ही सगळी सावधगिरी नऊ कोंबड्यांवर खर्ची पडते. खारघरला डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं बैठं घर आहे, मागे चार पावलांचं अंगण. डोंगरातली मुंगसं, खाडीकडचे कोल्हे आणि आभाळातल्या घारी यांनी या अंगणावर मिळून डोळा ठेवला आहे, असं त्यांचं ठाम मत आहे. खुराड्याची जाळी त्यांनी हातभर खोल जमिनीत पुरली आहे. मेहुणीबाईंची रांगोळी पुढच्या दारी क्वचितच पोचते. ती मागच्या अंगणात चाळणीने पसरली जाते आणि सकाळी साडू चष्मा लावून, ओणवे होऊन त्यात पावलं वाचतात. कोंबड्या मोकळ्या सोडल्या की घारींसाठी छत्री उघडून त्यांच्यामागे फिरतात. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात सगळे हॉलच्या सजावटीचं कौतुक करत होते, साडूंनी दाराखालच्या फटीत दोन बोटं घातली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाव्हणं, हॉल झकास हाय, पन हितनं मुंगूस आरामात आत यील."

महाप्याच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं शिफ्ट सांभाळली. त्यामुळे कोंबड्या कुणावर सोपवायच्या झाल्या की रीतसर चार्ज देतात. एकेक कोंबडी बोटाने दाखवायची, आकडा मोठ्याने म्हणायचा आणि समोरच्याने "घेतल्या" असं कबूल करायचं. गेल्या वर्षी एका रविवारी ते दोघं लग्नाला गेले, तेव्हा हा चार्ज मी घेतला. नऊ कोंबड्या आणि छत्री.

अर्ध्या तासात मी आत टीव्हीवर मॅच बघायला गेलो, एकच ओव्हर म्हणून. बाहेर आलो तेव्हा मुंगूस कुंपणाखालून सटकत होतं आणि कोंबड्या आठ होत्या. मी पिसं गोळा केली आणि कचऱ्याच्या डब्यात तळाशी दडवली. साडू आले. त्यांनी मोजलं, पुन्हा मोजलं. मी म्हणालो, "तुम्ही आठच दिल्या होत्या." पन्नाशी उलटलेला माणूस असं बोलू शकतो, हे मलाही तेव्हाच कळलं.

त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं. ते आपल्या बोटांकडे बघत म्हणाले, "तुमी म्हनताय म्हंजी आठच असतील."

महिन्याभरात या माणसाचा स्वतःवरचा भरवसा उडाला. कडी लावून आले की पुन्हा उठून बघायला जात. कोंबड्या मोजायचं काम त्यांनी मेहुणीबाईंकडे दिलं. शेवटी सगळ्या कोंबड्या साताऱ्याकडे गावी धाडायचं ठरलं, आणि मेहुणीबाईंनी त्यांच्या विसरभोळेपणासाठी डॉक्टरची वेळ घेतली. ते ऐकून मी खारघर गाठलं आणि चपला काढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

साडू स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "अगं, डाक्टर रद्द कर. माझं डोकं शाबूत हाय. पाव्हणं खोटं बोलले."

कोंबड्या राहिल्या. साडू पुन्हा पूर्वीसारखे ताठ झाले, मला एक वाकडा शब्दही बोलले नाहीत. कुठे बाहेर जायचं असलं की चार्ज मात्र आता शेजारच्या बाईंना देतात. मी तिथेच उभा असलो तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "तुमी कशाला उन्हात, पाव्हणं? आत बसा निवांत." ते हे अगदी मायेनं म्हणतात, आणि मी आत जाऊन बसतो.