दार्जिलिंगचं ओलं सोवळं

दार्जिलिंगला जाऊन आलेल्या बाईला लोक पहिला प्रश्न एकच विचारतात, बर्फाचा डोंगर दिसला का? माझ्या आईला नांदेडात तो वर्षभर तरी विचारला गेला. ती म्हणायची, "दिसला की." धादांत खोटं. मी शेजारी बसून गप्प राहायचे, कारण तिला तो दिसला नाही यात माझाही हात होता. दुसरा हात कोणाचा ते आज सांगून टाकते. आता भ्यायचं कोणाला?

निजामाचं राज्य शेवटाला आलं होतं तेव्हाची गोष्ट. अण्णा, म्हणजे माझे वडील, नांदेडच्या कचेरीत वकिली करायचे. अंगात शेरवानी, डोक्यावर रुमी टोपी, तोंडात फर्डी उर्दू. त्या साली खोकल्यानं त्यांना पार झिजवलं. हकीम म्हणाले, तबियत सांभाळायची तर दोन महिने थंड हवेला जा. एका अशिलाचा जावई तिकडे रेल्वेत होता, त्यानं दार्जिलिंगला दोन खोल्या बघून दिल्या. अण्णा, आई आणि अकरा वर्षांची मी, असे आम्ही निघालो.

अण्णांना हवा पाहिजे होती, आईला हिमालय. तिचं माहेर रेणापूरचं. उभ्या जन्मात तिनं टेकाडापेक्षा उंच काही बघितलं नव्हतं. तिच्या लेखी ते महादेवाचं घर होतं, आणि एकदा लांबून का होईना हात जोडायचे, एवढंच तिचं मागणं. गल्लीतल्या बायका निरोप द्यायला आल्या तर सगळ्यांचं एकच, "आमचाही नमस्कार सांगा हो." आईनं तो निरोप बारा घरांचा घेतला होता.

मनमाडला गाडी बदलली, कलकत्त्याला बदलली, शेवटी ती खेळण्यासारखी इवलीशी गाडी. वर पोचलो तर सगळं धुकंच! चहूकडे उंचच उंच झाडं, अंगावर शेवाळ घेऊन उभी, आणि दहा हातांपलीकडे काही दिसेल तर शपथ. लाकडं आणून देणारी पहाडी बाई मोडक्या हिंदीत सांगायची, मागच्या टेकडीवर पहाटे चला, एखाद्या दिवशी धुकं उघडून डोंगर दिसतो, आठ वाजले की संपलं.

पण पहाटे आईला चूल होती. आमच्या घरात सोवळं कडक. धुतलेलं लुगडं उंच काठीवर वाळत घालायचं, त्याला कोणी शिवायचं नाही, आणि आंघोळ करून तेच नेसून स्वयंपाक करायचा. कोणी शिवलं की पुन्हा धुवा. नांदेडच्या उन्हात लुगडं तासाभरात कडकडीत वाळतं, तिथं कोणाचं काही बिघडत नाही. दार्जिलिंगला ते चार-चार दिवस वाळेना. ओल्यानं सोवळं मोडत नाही, म्हणून आई ओलंच नेसायची. दात कडकडतायत, ओल्या लाकडांचा धूर डोळ्यात चाललाय, आणि बाई पोळ्या लाटून राहिलीय. लोकरीची धाबळी सोवळ्याला चालते, ती रोज धुवावी लागत नाही. पण धाबळी घरात एकच, आणि ती अण्णांच्या अंगावर.

मी एकदा म्हटलं, "अण्णा, धाबळी आईला द्या ना."

"मला थंडी वाजून राहिलीय ना," अण्णा म्हणाले. विषय संपला.

ते स्वतः रोज सकाळी फिरायला जायचे. परतताना बंगाली डॉक्टरकडे तासभर बसायचे, आणि नऊला त्यांना जेवणाचं गरम पान पाहिजे म्हणजे पाहिजे.

निघायच्या दोन दिवस आधी दुपारी ऊन पडलं. लुगडं वाळलं! आई पोरीसारखी हरखली. तिनं बेत केला, तीनला उठायचं, कोरडं नेसून भराभरा स्वयंपाक उरकायचा आणि उजाडताना पहाडी बाईबरोबर टेकडी गाठायची. संध्याकाळी ती पाणी आणायला गेली आणि खिडकीतून धुकं आत शिरायला लागलं. लुगडं पुन्हा भिजेल म्हणून मी घाबरले. स्टुलावर चढून ते काढलं आणि छातीशी कवटाळून उभी राहिले.

आई दारात थबकली. "शिवलीस?"

मग ती अण्णांकडे वळली. "अहो, लेकरू आहे. एक दिवस चालवून घ्या की."

अण्णांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. "तुला चालत असेल तर चालव. मी जेवणार नाही, एवढंच."

आईनं लुगडं धुतलं. पहाटे ते नेसली तेव्हा त्यातून पाणी गळत होतं, आणि लाकडं तर पेटता पेटेनात. पहाडी बाई दोनदा दार वाजवून गेली. शेवटी अण्णा म्हणाले, "चल, पोरीला तरी दाखवून आणतो." आणि मी गेले. हो, गेले! डोंगर त्या दिवशी लख्ख उघडला होता, आधी गुलाबी, मग सोन्यासारखा. परत आल्यावर आईनं विचारलं, "कसा होता गं?" मी सगळं सांगितलं. नांदेडात ती बायकांना सांगायची ते माझेच शब्द.

अण्णा गुटगुटीत होऊन परतले, आई खोकला घेऊन. एकदा कचेरीतले दोस्त बैठकीत जमले होते. अण्णा उर्दूत रंगले होते, आईला ती कळत नाही अशा भरवशावर. "डॉक्टर म्हणाला, वकीलसाहेब, अंडी खा नाहीतर मरा. रोज सकाळी त्याच्याकडे दोन अंडी, वर कोंबडीचं पाणी! जान है तो जहान है!" सगळे खदखदून हसले.

आई आत पिठलं ढवळत होती. नांदेडच्या बाजारात जन्म काढलेल्या बाईला एवढी उर्दू कळत नाही होय! तिचा हात थांबला. ती हळूच म्हणाली, "मग ते सोवळं कोणासाठी होतं गं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले, आई आंघोळीहून आली तेव्हा काठीजवळ गेले आणि तिच्या डोळ्यांदेखत लुगडं मुठीत घट्ट धरलं. तिनं बघितलं. माझ्या हातातून घेतलं, तसंच नेसली आणि चुलीपुढे बसली.

अण्णा पोटभर जेवले. वर म्हणाले, "आज पिठलं झकास झालंय." आईनं त्यांना आणखी वाढलं. मला मात्र तो सोन्याचा डोंगर आठवला, आणि अण्णांचा असा राग आला की अजून गेलेला नाही.