नवरदेवाचा चाकू

नवरदेवाच्या चाकूला मी धार लावली. ती लावायची नसते हे मला कळलं, पण सगळ्या वऱ्हाडाला कळून झाल्यावर.

मुळात चाकू माझ्या आयुष्यात आले ते तंबाखू गेल्यामुळे. दातांच्या डॉक्टरनं तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि मान अशी हलवली की मी तिथंच पुडी टाकून दिली. त्या पावसाळ्यात मी तंबाखूला सोडलं आणि पावसानं आम्हाला. तंबाखू सुटली, पण हात काही ऐकेनात. डावा तळवा उघडा पडायचा, उजवा अंगठा त्यावर जाऊन टेकायचा आणि मग दोघंही माझ्याकडे बघत बसायचे.

त्यात काम असं, की हात रिकामे राहणं हीच नोकरी. मी गावच्या सोसायटीचा सचिव. दुष्काळ पडला तशी सोसायटीनं जनावरांची छावणी चालवायला घेतली. वडवणीच्या रस्त्याला लागून माळावर पाचटाची छपरं घातली, पाण्याचा हौद बांधला, आणि तिथं मला नेमलं. सकाळी चाऱ्याच्या ट्रकची वाट बघायची, दुपारी पाण्याच्या टँकरची, आणि मधल्या वेळात चेअरमनसाहेबांची. ट्रक यायचा, टँकर यायचा. मी फाटकापासून हौदापर्यंत आणि हौदापासून फाटकापर्यंत इतका हिंडायचो की म्हशी मला बघून रवंथ थांबवायच्या.

पहिला चाकू एका म्हाताऱ्या धनगराकडे बघितला. मेंढरं छावणीत घेत नाहीत, हे सांगायला मी त्याच्या आडवा गेलो होतो. त्यानं ऐकून घेतलं, खाली बसला, करदोड्याला दोरीनं बांधलेला बोटाएवढा चाकू काढला आणि मेंढीच्या खुरातला काटा अलगद उचलून टाकला. शिंगाची मूठ घामानं काळीभोर झालेली, पातं जरासं वाकडं. मिटताना असा बारीक आवाज झाला, कुणीतरी दाताखाली बडीशेप चावल्यासारखा. मी म्हटलं, "बघू जरा." त्यानं दिला. मी उघडला, मिटला, उघडला, मिटला. बऱ्याच महिन्यांनी माझ्या दोन्ही हातांना एकाच वेळी काम मिळालं होतं.

"द्या की आता," धनगर म्हणाला. "मेंढरं म्होरं गेली."

तेव्हापासून छावणीत माणूस भेटला की मी आधी त्याच्या खिशाकडे बघायला लागलो. एका मोसंबीवाल्याकडे कलमाचा चाकू निघाला. पितळी मूठ, सरळ पातं, आणि मागच्या टोकाला हाडाची चपटी जीभ. डोळा भरताना झाडाची साल त्या जिभेनं उचलायची. त्याची बाग वाळून गेली होती आणि तो त्या चाकूनं वासरासाठी उसाच्या वाढ्याचे तुकडे करत बसायचा. मी रोज मागायचो, तो रोज नाही म्हणायचा. एके दिवशी म्हणाला, "सचिवसाहेब, बाग पुन्हा लावल्यावर मला डोळं कशानं भरायचं? तुमच्या पेनानं?" मग मी मागणं सोडलं. बघणं नाही सोडलं.

शेवटी रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसलेल्या घिसाड्याकडून स्वतःचा एक करून घेतला. ट्रकच्या कमानीचं पोलाद, बाभळीची मूठ, आणि उघडताना 'खट्'. तो आवाज ऐकून मी घिसाड्याला म्हटलं, खटका जरा सैल ठेव, अंगठ्यानं चटकन उघडला पाहिजे. त्यानं ठेवला. पुढं सोसायटीच्या सभेत चेअरमनसाहेब चाऱ्याबद्दल बोलत असताना मी काही सांगायला उभा राहिलो आणि चाकू पँटच्या खिशातच उघडला. खिसा खालून उसवला. छावणीच्या किल्ल्या, चष्म्याचं घर, खडीसाखर असं सगळं पँटमधून घरंगळत बुटावर आलं. चेअरमनसाहेब थांबले आणि म्हणाले, "सचिव, आजून काय पडायचं असंल तर पडू द्या, मग बोलतो."

एवढ्यावर माणूस शहाणा झाला असता. मी कुरुंदाचा दगड विकत आणला.

आता धार लावायची हौस लागली. छावणीतले सगळे चाकू, विळे, एका म्हातारीचा सुपारीचा अडकित्ता, जे हाती लागेल ते मी हौदाच्या कडेला बसून घासायचो. टँकर येईपर्यंत हात थांबायचे नाहीत. लोकही आणून द्यायचे. नव्हते देत त्यांचे मी मागून घ्यायचो.

हा टँकर चालवायचा माझा भाचा, माझ्या मोठ्या बहिणीचा, आक्काचा मुलगा. टँकर ठेकेदाराचा. भाच्याच्या गावची निम्मी माणसं हंगामाला ऊस तोडायला जातात. हाही दोन हंगाम गेलता. यंदा त्यानं टोळीत नाव दिलं नाही. "स्टेरिंगवर बसल्यावर पुन्हा कोयता हातात धरवत न्हाई, मामा," म्हणायचा. लग्नही त्यावरच जमलेलं. मुलीच्या बापानं विचारलं, पोरगा काय करतो, आणि आक्कानं छाती पुढं काढून सांगितलं, "डायवर हाय." ठेकेदार मात्र अंगठ्याएवढा दयाळू होता. लग्नाला दोन दिवस दिले आणि बजावलं, "तिसऱ्या दिवशी गाडी भरायला न्हाई आलास, तर गाडी दुसऱ्याला. मग हंगामाची वाट बघ."

आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात चाकू देतात, टोकाला लिंबू टोचून. हळद फिटेपर्यंत तो त्यानं अंगावेगळा करायचा नाही. आक्काच्या सासरच्या भावकीत त्यासाठी एकच जुना चाकू आहे. ज्या घरी शेवटचं लग्न झालं त्या घरी तो राहतो आणि पुढचं लग्न निघालं की मागून आणतात. शेवटचं लग्न झालेलं घर सध्या आमच्या छावणीत, दोन म्हशींसकट. आक्कानं निरोप धाडला, येताना घेऊन ये.

त्या घरच्या आजोबांनी फडक्यातून चाकू काढला आणि माझा जीव गोळा झाला. वर्षभरात एवढे चाकू बघितले, पण हा वेगळाच. लांबट घडीचा, मुठीवर पितळेचे ठिपके, आणि पातं इतक्या लग्नांतल्या लिंबांच्या रसानं निळसर काळं पडलेलं.

"हाय तसा न्या, हाय तसा आना," आजोबा म्हणाले.

"म्हणजे काय, आजोबा," मी म्हटलं, आणि अंगठा पात्यावरून फिरवला. धार नावालाही नाही! टोक तर करंगळीसारखं गोल. मला त्या चाकूची दया आली. इतकी देखणी वस्तू आणि कुणी तिच्याकडे लक्ष देऊ नये? दुपारी टँकर उशिरा आला. तोवर मी हौदावर बसून पातं दगडावर असं उतरवलं, की मनगटावरचे केस झडायला लागले. टोकही काढलं.

हळदीला लिंबू टोचलं आक्काच्या जावेनं. टोक लावलं आणि लिंबू सरकन आत. "बया, लिंबू पिकलेलं दिसतंय," ती म्हणाली. मी बाजूला उभा राहून गालात हसलो. कौतुक कुणाचं आहे हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड निघालं. जीपमध्ये नवरदेवाच्या शेजारी मी, मामा म्हणून मानाचा. खड्ड्याखड्ड्यानं जीप उडत होती आणि दर उडीला लिंबू पात्यावर थोडं थोडं चिरत होतं. शेवटी त्याच्या दोन फोडी झाल्या आणि माझ्या मांडीवर पडल्या. मागून कुणीतरी दुसरं लिंबू पुढं केलं. भाच्यानं ते डाव्या मुठीत धरलं आणि आजवरच्या सगळ्या नवरदेवांनी त्या बोथट टोकाला जसा जोर लावला असेल, तसा लावला.

चाकू लिंबातून गेला आणि तळहातात शिरला. आधी रक्त, आणि मग त्यावर लिंबाचा रस. भाच्यानं जी आरोळी ठोकली, ती ऐकून पुढच्या जीपमधल्या बँडवाल्यांना वाटलं वऱ्हाड रंगात आलंय; त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

वडवणीच्या दवाखान्यात टाके पडले. डॉक्टर म्हणाले, टाके निघेपर्यंत या हातानं काही धरायचं नाही, ओढायचं नाही. बाहेर वऱ्हाड घड्याळ बघत उभं. मी दवाखान्याच्या पायऱ्या चढत होतो, उतरत होतो. खिशातला माझा चाकू उघडावासा वाटत होता आणि उघडायची हिंमत नव्हती.

भाचा पट्टी बांधून बाहेर आला. मला वाटलं, मुहूर्ताचं विचारेल. तो म्हणाला, "मामा, गेर डाव्या हातानं टाकायचा आसतो."

पट्टी डाव्याच हाताला होती.

"उद्या गाडी भरायला न्हाई गेलो तर ती गेली. बदली मानूस बघावा, तर समदे डायवर गाड्यावर हायती. पुन्हा कोयताच. आन्‌ आता तर दोघांचा."

तेवढ्यात आक्का आली. चाकूच्या पात्यावर बोट ठेवलं, चटकन मागं घेतलं आणि माझ्याकडे वळली.

"धार तू लावलीस?"

"अगं, पार बोथट होता…"

"बोथट कावून आसतो, कळतं का तुला? नवरदेव उशाला घिऊन निजतो त्याला. गर्दीत नाचत्यात, ल्हान लेकरं मांडीवर बसत्यात. आज्ज्या-पणज्यापासून त्याला कुनी दगड दावला न्हाई. आन्‌ तू मोठा शानपनाचा! तंबाखूच खात बसला आसता तर बरं झालं आसतं."

पात्याला चिंध्या गुंडाळून, वर लिंबू दोऱ्यानं बांधून लग्न लागलं. मामा म्हणून मी नवरदेवाच्या पाठीशी उभा. लोक विचारायचे, हाताला काय झालं? उत्तर मांडवभर फिरायचं आणि मग माना माझ्याकडे वळायच्या. अक्षता नवरा-नवरीपेक्षा माझ्यावर जास्त पडल्या, आणि काही जणांनी त्या चांगल्या नेम धरून टाकल्या. नवरीनंही अंतरपाट खाली आल्यावर आधी पट्टी बघितली, मग नवऱ्याचं तोंड, आणि मग त्याच्या खांद्यावरून मला. तिघांत सगळ्यात जास्त वेळ मला बघितलं.

तिसऱ्या दिवशी मी उजाडायच्या आधीपासून छावणीच्या फाटकावर. हौदाच्या तळाशी हिरवट चिखल उरलेला. जनावरं हंबरायला लागली की मी रस्त्यावर जाऊन वळणापर्यंत बघायचो, परत यायचो, पुन्हा जायचो. रात्री ठेकेदाराच्या घरी जाऊन हातापाया पडून आलो होतो. मीच चालवतो चार दिवस टँकर, असंही म्हणालो. "काय चालवता तुमी?" त्यानं विचारलं. "लुना," मी म्हटलं. त्यानं दार लावून घेतलं.

उन्हं डोक्यावर आली. मोसंबीवाला जवळ येऊन उभा राहिला. "येतो का न्हाई हो टँकर? का आज बी त्याला धार लावली तुमी?"

आणि वळणावर टँकर दिसला. बैलगाडीच्या चालीनं येत होता. पण पाणी सांडत होतं, म्हणजे भरलेला होता. कोण चालवतंय ते दिसेना म्हणून मी तसाच पळत सुटलो. केबिनमधून आवाज येत होता.

"दुसरा!"

"टाकला."

"आगं, त्यो चौथा हाय!"

"मग दाबा की नीट किलच!"

भाचा उजव्या हातानं स्टेरिंग धरून बसला होता, डावा हात छातीशी. बाशिंगाचा दोरा अजून कपाळाला, कमरेला चिंध्यांत गुंडाळलेला तो चाकू. शेजारी नवी नवरी, पदर खोचून, हिरव्या चुड्याचा हात गेरच्या दांडक्यावर. तिच्या बापाचा ट्रॅक्टर होता आणि लहानपणापासून ती मडगार्डवर बसून बापासाठी गेर टाकायची, हे मला मागाहून कळलं. त्या वेळी मी फक्त टँकरच्या बाजूनं पळत होतो आणि छावणीतली सगळी माणसं फाटकावर गोळा होऊन बघत होती. ठेकेदाराची गाडी वेळेवर भरली होती, वेळेवर आली होती. स्टेरिंग भाच्याकडेच राहिलं.

टँकर हौदाला लागला. नवरी खाली उतरली. मला इतकं हायसं वाटलं, की आपणही काहीतरी करावं म्हणून हात शिवशिवायला लागले. टँकरच्या मागं पाइप सुतळीनं बांधलेला होता, गाठ भिजून घट्ट बसलेली. भाचा एका हातानं ती सोडवत होता. मी पुढं झालो, खिशात हात घातला आणि माझा चाकू 'खट्' करून उघडला.

नवरीनं माझं मनगट धरलं.

"मामा, त्ये खिशात ठिवा. ह्यांचा एकच हात ऱ्हायलाय."